पावसात गाडी घसरते तेव्हा

मृग नक्षत्र लागले की आम्हा पनवेलकरांची मने दक्षिणेकडे ओढ घेऊ लागतात. कर्नाळ्याच्या डोंगरावर हिरवी छटा चढते, सुळक्याभोवती ढग रेंगाळतात आणि शनिवार-रविवारी मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते. ज्या रस्त्याने आपण शेकडो वेळा ये-जा केलेली असते, तो पूर्ण ओळखीचा आहे अशी आपली खात्री असते. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तोच रस्ता किती परका होतो, हे मला २०१४ च्या जून महिन्यात कळले.

माझे माहेर पेणचे. त्या शनिवारी मी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई अशा तिघी पनवेलहून निघालो होतो. पळस्पे फाटा ओलांडला, शिरढोण मागे पडले आणि कर्नाळ्याच्या झाडीत शिरता शिरता काचेवर टपोरे थेंब पडू लागले. मातीचा वास आला. मुलीने काच खाली करून हात बाहेर काढला, तेव्हा मी तिला रागावलेही नाही. जेमतेम पंधरा मिनिटे पाऊस झाला असेल. खिंड ओलांडल्यावर तारा गावाच्या दिशेने उतार लागतो. तेथील एका उजव्या वळणावर पुढच्या टेम्पोचे लाल दिवे एकाएकी लागले. माझा वेग साठच्या आसपास होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने मी ब्रेकवर पाय दिला, आणि भीतीने तो पूर्ण दाबला.

गाडी थांबली नाही. चाके फिरायची थांबली, गाडी मात्र पुढे सरकत राहिली. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवले, आणखी फिरवले, तरी तिने वळणे नाकारले. रस्ता उजवीकडे वळत होता आणि आम्ही सरळ डाव्या कठड्याकडे जात होतो. त्या दोन-तीन क्षणांतले आजही स्पष्ट आठवते ते एवढेच की माझी नजर त्या कठड्यावरून हलत नव्हती आणि माझा पाय ब्रेकवरून सुटत नव्हता. डाव्या बाजूचा पुढचा दिवा कठड्यावर आदळला, काच फुटल्याचा आवाज झाला आणि सारे स्तब्ध झाले.

मागून येणाऱ्या एका टेम्पोचालकाने गाडी बाजूला घेतली आणि धावत येऊन आमची दारे उघडली. मुलीने पट्टा लावलेला होता, तिला खरचटलेही नव्हते. सासूबाई मागच्या आसनावर होत्या. "मागे कशाला हवा पट्टा?" असे त्या निघताना म्हणाल्या होत्या आणि मी तो विषय तिथेच सोडला होता. त्यांचे कपाळ पुढच्या आसनाच्या पाठीवर आपटून टेंगूळ आले होते. घरी परतल्यावर त्या हसून म्हणाल्या, "मला काही झालं नाही गं." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना मान वळवता येईना.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावले, ते प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे असे आहे. धक्क्याने मान झटकन पुढे-मागे होते, तेव्हा स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. त्याची वेदना पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवू लागते. म्हणून अपघातानंतर 'मला काही झाले नाही' हे वाक्य पहिल्याच दिवशी अंतिम मानू नये. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येणे, वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, असंबद्ध बोलणे, नेहमीपेक्षा जास्त झोप येणे, यांपैकी काहीही दिसले तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. रस्त्यावर मदत लागली तर महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हे क्रमांक आहेत. आमच्यासाठी थांबलेल्या त्या टेम्पोचालकासारख्या, सद्भावनेने मदत करणाऱ्या माणसाला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. मदतीला थांबताना पोलिसांच्या चौकशीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

सासूबाईंची मान तीन आठवड्यांत बरी झाली. दिवा बदलला, पत्रा सरळ झाला. बरी झाले नव्हते ती मी.

गाडीची किल्ली हातात घेतली की तळवे ओले होत. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला की छाती धडधडे आणि तो कठडा डोळ्यांसमोर येई. मुलीला शाळेत सोडायला मी रिक्षा लावली, बाजारहाट पायी करू लागले आणि पेणला जायचे असेल तेव्हा एसटीने जाऊ लागले. 'पेट्रोल वाचते' असे मी सांगत असे. सासूबाईंचे टेंगूळ आठवले की अपराधी वाटे, आणि त्याविषयी घरात कोणाशी बोलवतही नसे. संकटाच्या क्षणी शरीरात ॲड्रिनलिन उसळते, हृदयाची गती वाढते, स्नायू आवळले जातात, नजर एका बिंदूवर खिळते. संकट सरले तरी त्या क्षणाची खूण शरीर जपून ठेवते आणि आवाज, वास, ओलावा अशा निमित्तांनी पुन्हा पुन्हा बाहेर काढते. यात दुबळेपणा काही नाही. परंतु वाईट स्वप्ने, दचकणे, त्या जागेचा किंवा त्या कामाचा कटाक्षाने टाळाटाळ करणे असे महिनाभराहून अधिक काळ चालले, तर समुपदेशक वा मनोविकारतज्ज्ञ यांना भेटायला हवे. मी भेटले. "टाळल्याने भीती वाढते; थोडी थोडी, सुरक्षित जागी, ओळखीच्या माणसाबरोबर सुरुवात करा," असा सल्ला मिळाला.

ओळखीचा माणूस घरातच होता. माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. महाडच्या पुढे पोलादपूर, तेथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, ही त्यांची कित्येक वर्षांची वाट. धुके, दरडीची माती आणि मुसळधार पाऊस यांत त्यांनी पन्नास-पन्नास माणसे सुखरूप नेली होती. अपघातावरून ते मला एका शब्दाने बोलले नव्हते. ऑगस्टमधल्या एका रविवारी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, किल्ली घे. नवीन पनवेलच्या मैदानावर जाऊ. रस्त्यावर नाही जायचं आज."

मैदान रिकामे आणि ओले होते. अण्णांनी मला आधी गाडीबाहेरच उभे केले. टायरशेजारी बसून ते म्हणाले, "रस्त्याला किती टेकलंय बघ. आपल्या तळहाताएवढं. असे चार तळहात. तुझी गाडी, तुझी लेक, तुझी सासू, सगळं या चार तळहातांवर." मग त्यांनी मला विचारले की त्या दिवशी मी नेमके काय काय केले. मी सांगितले. त्यांनी मान हलवली. "एका वेळी फार मागितलंस तू तिच्याकडे."

या वाक्याचा अर्थ मला हळूहळू उलगडला. टायर आणि रस्ता यांच्यामधील पकड ही महिन्याच्या पगारासारखी मर्यादित असते. वळण्यासाठी खर्च केली की थांबण्यासाठी थोडीच उरते. कोरड्या डांबरावर हा पगार भरपूर असतो, म्हणून आपली उधळपट्टी लक्षात येत नाही. पाऊस पडला की तो जवळजवळ निम्मा होतो. त्यातही पहिला पाऊस अधिक फसवा, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि टायरचा झिजलेला रबर यांचा त्या थोड्याशा पाण्यात राप तयार होतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो, पंधरा मिनिटांची सर मात्र तो फक्त भिजवते. मी उतारावर, वळणात, त्या रापावर, पूर्ण वळण आणि पूर्ण ब्रेक दोन्ही एकदम मागितले होते.

ढोबळ हिशेब करून पाहावा. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत एवढे अंतर सरतेच. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे वीस मीटर लागत असतील, तर ओल्या रस्त्यावर पस्तीसच्या घरात लागतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासूनचे हे अंतर चौपट होते. हे गणित माहीत असलेला चालक पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो. ते मोजायची सोपी रीत अशी की पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हापासून मनात मोजावे. कोरड्यात दोन सेकंद पुरतात, पावसात चार हवेत.

त्या मैदानावर आम्ही ताशी वीस-पंचवीसच्या वर गेलो नाही. अण्णांनी मला मुद्दाम ब्रेक जोरात दाबायला लावला. चाके जाम झाली आणि चिखलावर गाडी किंचित सरकली. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. "आता पाय सोड," ते शांतपणे म्हणाले. पाय सोडताच चाके पुन्हा फिरू लागली आणि गाडी स्टिअरिंगचे ऐकू लागली. फिरणारे चाकच वळू शकते. जाम झालेले चाक कितीही तिरके केले तरी ते नुसते घसरते. माझ्या तेव्हाच्या गाडीत एबीएस नव्हते, म्हणून ब्रेक दाबायचा, चाक अडकल्यासारखे वाटताच सोडायचा, पुन्हा दाबायचा, हे पायाला शिकवावे लागले. दहा-बारा वेळा झाल्यावर किंकाळी थांबली. मैदानाच्या कडेला एक निंबाचे झाड होते. मी त्याच्याकडे पाहू लागले की अण्णा हाताने पलीकडची मोकळी जागा दाखवीत. "जिथं जायचंय तिथं बघ. डोळे जातात तिथं हात जातात." कठड्यावर खिळलेली माझी नजर मला आठवली.

हे शिक्षण रिकाम्या, परवानगीच्या जागी आणि अनुभवी माणूस शेजारी असतानाच घ्यावे. तेथे शिकलेले मी थोडक्यात सांगते.

गाडी घसरण्याचे साधारण तीन प्रकार. पहिला माझा. पुढची चाके घसरतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. अशा वेळी आणखी फिरवण्याचा मोह होतो, तो आवरावा. ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक जोरात दाबला असल्यास सैल करावा, स्टिअरिंग थोडे सरळ आणावे. पकड परतली की मग हळुवार वळवावे. दुसऱ्या प्रकारात मागचा भाग बाहेर फेकला जातो. तेव्हा ब्रेक मारू नये. आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. अशा गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढावा आणि मागचा भाग ज्या बाजूला चालला आहे त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवावे, म्हणजे पुढची चाके रस्त्याच्या दिशेकडे राहतात. गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही लगेच सरळ आणावे, नाहीतर ती उलट्या बाजूला झटका देते. तिसरा प्रकार साचलेल्या पाण्याचा. वेग अधिक असला की टायरच्या खाचांना पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही, आणि टायर पाण्याच्या थरावर चढतो. स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. येथे काहीही झटक्याने करू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि टायर पुन्हा रस्त्याला टेकण्याची वाट पाहावी.

एबीएस असलेल्या गाडीत एक गोष्ट वेगळी. भारतात २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना ही यंत्रणा बंधनकारक झाली. चाक जाम होऊ लागले की ती ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा कमी-अधिक करते, म्हणजे अण्णांनी माझ्या पायाला शिकवलेले काम ती स्वतःच, कितीतरी वेगाने करते. म्हणून तातडीने थांबायचे असेल तर पेडल घट्ट दाबून तसेच धरावे आणि स्टिअरिंगने वाट काढावी. त्या वेळी पेडल थरथरते, खडखड आवाज येतो. ब्रेक बिघडला असे वाटून अनेक जण नेमक्या त्याच क्षणी पाय काढतात. नवी गाडी घेतल्यावर अण्णांनी मला पुन्हा त्या मैदानावर नेले ते केवळ ही थरथर पायाला ओळखीची व्हावी म्हणून. मात्र यंत्रणा कोणतीही असो, ती नसलेली पकड निर्माण करू शकत नाही.

२०२२ च्या जुलैमध्ये मी अण्णांना तपासणीसाठी वाशीला नेले होते. परतताना पावसाने जोर धरला होता. सायन-पनवेल मार्गावर कामोठे मागे पडले आणि एका सखल जागी पाणी साचलेले होते. माझा वेग सत्तरच्या आसपास असेल. एकाएकी टायरचा आवाज बदलला आणि स्टिअरिंग हातात रिकामे झाले. गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. छातीत धस्स झाले, परंतु पाय ब्रेककडे गेला नाही. तो ॲक्सिलरेटरवरून सुटला आणि तसाच राहिला. मी समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहत स्टिअरिंग धरून ठेवले. दोन क्षणांत टायर रस्त्याला टेकले आणि गाडी पुन्हा माझी झाली.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या बाईला हे जमले, या विचाराने मला भरून आले. अण्णा काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. ते बराच वेळ वायपरकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "टायर कधी बदललेस?"

बदलले नव्हते. घरी येऊन मी टॉर्च घेऊन खाली बसले. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात; खाच झिजून १.६ मिलिमीटरवर आली की ते पृष्ठभागाच्या पातळीला येतात. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांवर ते जवळजवळ समपातळीत आले होते. आठ वर्षे मी हात, पाय आणि मन शिकवले, आणि चार तळहातांकडे पाहायचे विसरले. वेगही जास्त होता. घसरलेली गाडी मी सावरली हे खरे. ती घसरली माझ्यामुळेच, हेही तितकेच खरे.

तेव्हापासून मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी लोणच्याच्या तयारीबरोबर गाडीचीही तयारी असते. टायरच्या खाचा पाहणे, थंड टायरमध्ये चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे हवा भरणे, वायपरचे रबर बदलणे. निघताना पुढे-मागे सर्वांचे पट्टे. सासूबाईंना आता आठवण करावी लागत नाही. ओल्या चपलेने पेडलवरून पाय निसटतो, म्हणून पायपुसणे कोरडे ठेवणे. वळणाच्या आधी वेग कमी करणे, वळणात नव्हे. उतारावर खालचा गिअर टाकणे आणि गाडी न्यूट्रलमध्ये कधीही न सोडणे. पांढरे रंगवलेले पट्टे, पुलाच्या सांध्यांवरील लोखंड, सांडलेले डिझेल, डंपरमधून गळलेली माती यांवर ब्रेक न लावणे. झोप अपुरी झाली असेल तर पावसात गाडीच न काढणे. आणि पहिल्या सरीत घाई असेल, तर दहा मिनिटे आधी निघणे किंवा दहा मिनिटे उशिरा पोहोचणे.

गेल्या वर्षी मुलीने गाडी शिकायला घेतली. शिकाऊ परवाना हातात आल्याबरोबर तिला चालकाच्या जागी बसायचे होते. अण्णांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी काठीने टायर दाखवला आणि नातीला म्हणाले, "आधी इथं बस आणि हात लावून बघ." ती कुरकुरत बसली. मी तिच्याशेजारी टॉर्च धरून उभी राहिले.